टाकी फुल केली की पेट्रोलचा वास, स्टार्टिंगचा त्रास, पण चेक इंजिनचा दिवा काय लागत नाही

टिळकवाडी_२२:
नमस्कार मंडळी, गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किमी. महिन्यातनं दोनदा बेळगावहून चोर्ला घाटातनं गोव्याला जाणं होतं आणि येताना गोव्यातल्या साखळी गावात टाकी फुल करतो, तिकडं स्वस्त पडतंय म्हणून. आता दोन महिने झाले, पेट्रोल भरून लगेच चावी मारली की गाडी नुसती घरघर करते, चार-पाच वेळा मारल्यावर आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्यावर कशीबशी चालू होते. सकाळी गॅरेजचं शटर उघडलं की पेट्रोलचा वास. खाली एक थेंब नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला, कोड नाही म्हणजे गाडी ओके म्हणाले आणि इंजेक्टर क्लीनिंगचं बिल हातात दिलं. वास आहे तसाच. यूट्यूबवर बघून टाकीचं झाकण नवीन बसवलं, काही फरक नाही. काय असेल?

निपाणीकर:
झाकणाचा रबर चिरला की वास येतो हे खरं, पण त्यानं स्टार्टिंग जात नाही ओ. बोनेटखाली उंदरानं पाइप कुरतडलाय का बघा. आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर सगळे गाडीत राहायला येतात, माझी एक होज अशीच खाल्ली होती.

उद्यमबागचा मेस्त्री:
दादा, आधी ते अमेरिकन व्हिडिओ बंद करा. तिकडं १९९६ नंतरच्या गाड्या टाकी आणि पाइप गळतात का हे स्वतः तपासतात, १ मिमीच्या भोकाला दिवा लागावा असा नियम, पुढं तो अर्ध्या मिमीवर आणला, म्हणून त्यांच्यात पी०४४२ नाहीतर पी०४५५ हा वाफ गळतीचा कोड येतो आणि झाकण बदललं की काम होतं. आपल्याकडं नियम युरोपच्या वळणाचे, आपल्या बहुतेक गाड्या फक्त पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) वायर तुटली का एवढंच बघतात. त्यामुळं वाफ कितीही गळू दे, स्कॅनर गप्प. कोड नाही म्हणजे ओके हे म्हणणं इथंच फसतंय.

आता तुमचं. टाकीतली वाफ कॅनिस्टरमधल्या, म्हणजे एका डब्यातल्या, कोळशात साठते आणि इंजिन गरम झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इंजिनात ओढून घेतो. बाकी वेळ तो बंद पाहिजे. तो उघडा अडकला तर पेट्रोल भरताना टाकीतली सगळी वाफ थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणारा पाइप), मिश्रण जास्त रिच, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त, म्हणून घरघर. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जादा हवा मिळते म्हणून चालू होते. तुम्ही सांगितलेली खूण नेमकी हीच.

तपासणी फुकटात होते. सकाळी थंड इंजिन चालू करा, पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली नाही पाहिजे. लागली तर इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा, उलटा करून तळहातावर आपटा आणि काय पडतंय ते सांगा.

खानापूर_जांबोटी:
गावात एकानं उदबत्तीचा धूर पाइपात सोडून गळती शोधायचा उद्योग केला होता, नशीब चांगलं म्हणून वाचला. असलं काही करू नका मर्दा. कंप्रेसरची हवा पण नको, गळती शोधायला धूर सोडणाऱ्या स्मोक मशीनचं प्रेशर १ पीएसआयच्या आत असतंय आणि पंक्चरवाल्याचा कंप्रेसर शंभराच्या वर, कॅनिस्टर फुटून जाईल.

टिळकवाडी_२२:
मेस्त्री, बोट ठेवलं तर चांगलीच ओढ! व्हॉल्व्ह आपटला तर मोहरीएवढे काळे दाणे पडले सात-आठ. हे काय?

उद्यमबागचा मेस्त्री:
तोच कोळसा. तुमचा कॅनिस्टर आतनं फुटलाय, दाणे व्हॉल्व्हमध्ये अडकून तो उघडा राहतोय. एक सांगा, साखळीला नोझल कट झाल्यावर पुढं भरता का?

टिळकवाडी_२२:
हो की. गळ्यापर्यंत. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करतो आणि मी पण बघत उभा राहतो, स्वस्त आहे म्हणून 😅

उद्यमबागचा मेस्त्री:
मग झालं. वर वाफेला जागाच नाही, त्यात लगेच घाट चढणार, पेट्रोल हिंदकळून वाफेच्या पाइपातनं कॅनिस्टरमध्ये जातंय. कोळसा वाफेसाठी आहे, पेट्रोलानं भिजला की गेला, सकाळचा वास तिथलाच. दोन्ही बदला, आणि मधली नळी हवेनं साफ करा, पण दोन्ही टोकं सोडवून. नुसता व्हॉल्व्ह घातला तर महिन्याभरात परत दाणे येऊन बसतील.

टिळकवाडी_२२:
व्हॉल्व्ह परवडतोय, पण कॅनिस्टरची किंमत ऐकून गप बसलो. भंगारातला चालेल का?

उद्यमबागचा मेस्त्री:
चालेल, पण घेताना हलवून बघा. आत खुळखुळ वाजला किंवा हाताला जड लागला तर तिथंच ठेवून या. आणि नवीन बसेपर्यंत टाकी अर्ध्यावरच ठेवा गा.

निपाणीकर:
म्हणजे गोव्यात वाचवलेले पैसे गेले बेळगावात 😂 माझी पण गाडी जरा बघून घेतो, मी पण कोगनोळीच्या अलीकडं, महाराष्ट्राची हद्द लागायच्या आधी, गळ्यापर्यंतच भरतो.