ऑडिशनला जायचंय: कोणतं गाणं, कोणती पट्टी?

सूरवेडी
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. मंचावर निळसर उजेड, समोर तीन परीक्षक, त्यातले एक मान खाली घालून काहीतरी लिहिताहेत. मी गायला लागते आणि त्यांचं पेन थांबतं. बस, एवढंच. पुढे जिंकले का, ते चित्रात कधीच नसतं.

यंदा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या ऑडिशनला खरोखर जायचं ठरवलंय. वय ३८. लहानपणी चार वर्षं शास्त्रीय शिकले, मग मोठा खंड पडला. निवड फेरीला तीन महिने आहेत आणि माझ्याकडे रोज पहाटेचा अर्धा तास आहे, त्याहून जास्त नाही. क्लास लावता येणार नाही, तेव्हा कृपया तो सुचवू नका.

दोन गाणी मनात आहेत. एक संथ भावगीत, सगळं मध्य सप्तकातलं, हमखास सुरात येतं. दुसरं चित्रपटगीत, अंतरा तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'म'पर्यंत चढतो. काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) तिथे माझा आवाज दहातल्या चार वेळा फाटतो. काय गाऊ?

रियाजी
ताई, आधी चांगला गुरू बघा. रोज दोन तास बैठक हवीच, त्यातला एक तास नुसता खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर. मी अकरा वर्षं असंच केलंय आणि आज तीन तास गायलो तरी आवाज बसत नाही. गाणं कोणतं ते नंतर बघू.

रांगेतली
मी दोनदा जाऊन आलेय, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर. टीव्हीवरचे परीक्षक पहिल्या दिवशी नव्हतेच. निर्मितीवाल्यांपैकी दोघं एका छोट्या खोलीत बसले होते. सात तास रांगेत होते आणि खोलीत असेन जेमतेम दीड मिनिट. वाद्य नाही, ट्रॅक नाही, तानपुरा नाही. "गा" म्हणाले, गायले.

पहिल्या वेळी मी आलाप घेऊन मुखडा सुरू केला. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत "थँक यू" आलं. गाण्यातली जी खास जागा ऐकवायची होती, ती गळ्यातच राहिली. म्हणून सांगते, गाण्यातली सगळ्यात चांगली तीस सेकंदं आधी शोधा आणि तिथूनच सुरू करा. अंतरा चांगला असेल तर थेट अंतरा.

आणि स्वतःचा सा नक्की करून जा. आजूबाजूला शंभर जण शंभर पट्ट्यांत गुणगुणत असतात. माझा सा दाराबाहेरच अर्धा स्वर वर सरकला होता आणि ते कळलं थेट वरच्या सुराला.

काळी_दोन
सोपं आहे. पेटीवर सा धरा, त्यावरच रियाज करा. भावगीतच गा.

तंबोरा
पेटीवर सूर पक्का होत नाही! पेटीचे बारा स्वर समान अंतरावर लावलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). रोज तोच ऐकला तर कानही तसाच होतो. फोनवर तानपुरा लावा.

काळी_दोन
फोनच्या स्पीकरवर खर्जाची तार ऐकू तरी येते का? माझी पिढी पेटीवरच शिकली आणि बेसुरी झाली नाही.

तंबोरा
हेडफोन लावा, सगळं ऐकू येतं. आणि प्रश्न पिढीचा नाही, गंधाराचा आहे.

उशिरा_पोचलो
हेडफोनवरून आठवलं. ब्लूटूथवाले घेऊ नका. मी महिनाभर त्यावर ट्रॅक लावून मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग केलं आणि दर वेळी मी तालाच्या मागे. लय गेली म्हणून हताश झालो होतो. मग कळलं की त्यात आवाजच कानापर्यंत जरा उशिरा पोचतो. वायरचे लावले आणि त्याच दिवशी समेवर आलो.

घसा_बसला
भावगीतच गा, +१. मी अवघड गाणं निवडलं होतं. आदल्या दिवशी भीतीपोटी चाळीस वेळा म्हटलं, सकाळी आवाजाच्या नावाने नुसती हवा. मग कुजबुजत बोलत राहिलो, त्याने आणखी ताण आला. सारखं खाकरूही नका, स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. पाणी दोन दिवस आधीपासून पीत राहा. ऐनवेळचा घोट अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना लागतही नाही.

रोखठोक
सगळं आधीच ठरलेलं असतं. कोणाची गोष्ट रडवणारी, तो पुढे. वेळ घालवू नका.

रांगेतली
गोष्ट विचारतात, खरं आहे. पण पुढे जाण्या-न जाण्यावर गायकाचं आयुष्य थांबत नाही. अरिजित सिंग २००५च्या 'फेम गुरुकुल'मध्ये अंतिम फेरीआधीच बाहेर पडला होता. जेनिफर हडसन २००४ साली 'अमेरिकन आयडॉल'मध्ये सातवी आली आणि पुढे पहिल्याच चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळालं. आणि सूरवेडी, वयाचं म्हणाल तर सुझन बॉइल २००९ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'च्या मंचावर उभी राहिली तेव्हा ४७ वर्षांची होती. दुसरी आली. पहिलं कोण आलं, ते मला दर वेळी शोधावं लागतं. अर्ज भरताना वयोमर्यादा मात्र नीट वाचा, प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते.

रियाजी
म्हणूनच म्हणतो, आधी गुरू. यंदा सोडा, दोन वर्षांनी जा.

काळी_दोन
भावगीत. पेटीवर.

सूरवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. हे लिहायच्या आधी आठ दिवस करून पाहिलं.

तानपुरा वायरच्या हेडफोनवर लावते. पहिली दहा मिनिटं ओठ फुरफुरवत सा ते तार सा. मग अंतऱ्याची ती एकच ओळ, फक्त सहा वेळा. शेवटी तानपुरा बंद करून पाच मिनिटं घरात फिरते, परत येऊन सा लावते आणि मग तानपुरा सुरू करून ताडून बघते. पहिल्या दिवशी सा चांगलाच चढा लागला होता. काल सा त्याच्या जागेवर सापडला.

पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून पांढरी पाच केली. मध्यम आता दहातल्या दोन वेळा फाटतो.

आणि मी चित्रपटगीतच गाणार आहे, थेट अंतऱ्यापासून. भावगीत सुरक्षित आहे, तुमच्यापैकी दोघांनी तेच सांगितलं आणि त्यामागची काळजीही कळते. पण इतकी वर्षं मनातल्या त्या मंचावर मी हेच गाणं गायले आहे. ते पेन याच ओळीवर थांबतं. दुसरं काही गाऊन निवड झाली तरी मला वाटत राहील की मी तिथे गेलेच नाही.

अर्ज काल रात्री भरला.

रांगेतली
रांगेत बसायला घडीचं स्टूल न्या. आणि तिथे कोणी "जरा गाऊन दाखवा" म्हणालं तरी गाऊ नका, आवाज खोलीसाठी ठेवा.