मदत हवी आहे : फंक्शन लावलं की क्वेरी लटकते

लेजरवाला
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. बिलांचा वर्षवार रिपोर्ट आहे. क्वेरीच्या व्हेअरमध्ये (अटीच्या भागात) थेट तारीख दिली तर चुटकीसरशी येतो. पण एफएन_एफवाय(बिल_डेट) = '२०२४-२५' अशी अट टाकली की बसा बघत. इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे. रॅम वाढवून झाली. मार्च एंडिंग तोंडावर आलंय आणि साहेब डोक्यावर बसलेत. फास्ट कसं करायचं तेवढं सांगा.

रात्रपाळी
डेटाबेस कुठला? व्हर्जन? ओळी किती? फंक्शनच्या आत काय आहे?

लेजरवाला
एसक्यूएल आहे. फंक्शन नॉर्मलच आहे, तारखेवरून आर्थिक वर्ष काढतं.

कोकणी_कोडर
मायएसक्यूएल असेल तर फंक्शन बनवताना १४१८ नंबरची एरर येते. बायनरी लॉग (बदलांची नोंदवही) चालू असतो म्हणून. फंक्शनच्या व्याख्येत डिटरमिनिस्टिक (त्याच इनपुटला तेच उत्तर) लिहा, जाईल.

रात्रपाळी
अहो, त्यांचं फंक्शन बनलंय आणि चालतंय. हळू चालतंय एवढंच. एररचं त्यांनी नावही काढलेलं नाही.

लेजरवाला
मायएसक्यूएल नाही. एसएसएमएस (मायक्रोसॉफ्टचं क्वेरी चालवायचं टूल) उघडून क्वेरी मारतो. ओळी ४० लाखांच्या वर असतील.

डीबीए_काका
म्हणजे एसक्यूएल सर्व्हर. मग दुखणं जुनंच आहे. स्वतः लिहिलेलं स्केलर (एकच किंमत परत देणारं) फंक्शन इंजिनला आतून दिसत नाही. ते ओळीगणिक एकदा बोलावलं जातं, ४० लाख ओळी तर ४० लाख वेळा. वर अख्खी क्वेरी एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) येते, सर्व्हरला कितीही कोअर असोत. आणि गंमत म्हणजे एस्टिमेटेड प्लॅनमध्ये (क्वेरी कशी चालेल याच्या इंजिनच्या अंदाजात) त्या फंक्शनचा खर्च जवळपास शून्य दिसतो, त्यामुळे माणूस रॅम वाढवत बसतो. २०१९ मध्ये इनलायनिंग (फंक्शनची बॉडी थेट क्वेरीत मिसळणं) आलंय. व्हर्जन सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

लेजरवाला
२०१९ च आहे काका. जुन्या २०१२ च्या सर्व्हरवरून बॅकअप आणून रिस्टोअर केला होता.

डीबीए_काका
सापडलं! रिस्टोअर केल्यावर कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसनं कुठल्या व्हर्जनसारखं वागायचं तो आकडा) जुनीच राहते. तुमची ११० असणार. १५० करा, फंक्शन इनलाइन होईल.

रात्रपाळी
काका, मार्चमध्ये चालू डेटाबेसची लेव्हल बदलायला सांगताय? ११० वरून १२० किंवा त्यापुढे गेलं की ओळींचा अंदाज बांधणारा एस्टिमेटरच बदलतो. हा रिपोर्ट पळेल आणि दुसरे चार झोपतील. आधी टेस्टवर करून बघू द्या. शिवाय इनलाइन झालं तरी बिल_डेट हिशोबाच्या आतच अडकलेली राहणार, मग इंडेक्स सीक (इंडेक्सवरून थेट हव्या त्या ओळींवर जाणं) कुठून येणार? लेजरवाले, फंक्शनची बॉडी टाका. दुसऱ्यांदा मागतोय.

पोस्टग्रेसभक्त
म्हणून म्हणतो, पोस्टग्रेसवर या. फंक्शन इम्युटेबल (उत्तर कधीच न बदलणारं), स्टेबल (एका क्वेरीपुरतं न बदलणारं) की व्होलाटाइल (केव्हाही बदलणारं) ते तुम्हीच जाहीर करायचं. इम्युटेबल असेल तर त्या फंक्शनवरच इंडेक्स टाकता येतो. लायसन्सचा पैसाही नाही.

रात्रपाळी
आणि काही लिहिलं नाही तर डिफॉल्ट व्होलाटाइल, तेही सांगा की. टेबल वाचणाऱ्या फंक्शनवर इम्युटेबलचा शिक्का मारला तर पोस्टग्रेस मुकाट्यानं ऐकतं. उद्या त्या टेबलातली किंमत बदलली की इंडेक्स चुकीची उत्तरं द्यायला मोकळा. असो, मार्च एंडिंगला घर बदलत नाहीत.

लेजरवाला
बॉडी घ्या. आधीच्या माणसानं लिहिलंय. तारीख नल (रिकामी) असेल तर गेटडेट(), म्हणजे आजची तारीख, घेतो. मग सेटिंग टेबलातून त्या शाखेचा सुरुवातीचा महिना सिलेक्ट करतो (शाखा कोड दुसरा पॅरामीटर आहे, वर लिहायचा राहिला). मग वर्ष आणि पुढचं वर्ष जोडून स्ट्रिंग परत देतो. दुबईच्या शाखेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे म्हणून ते सेटिंग.

रात्रपाळी
हे तुमचं नॉर्मल! प्रत्येक बिलासाठी सेटिंग टेबलावर एक वेगळं सिलेक्ट चालतंय, राव. आणि आत गेटडेट() असेल तर २०१९ सुद्धा ते इनलाइन करत नाही. काका, १५० करून हाती काय लागणार होतं?

डीबीए_काका
बॉडी आत्ता आली, मी सकाळी लिहिलं. गेटडेट बाहेर काढलं तर होईल की इनलाइन. लेव्हल आज ना उद्या वाढवावीच लागणार आहे.

निवांत
एवढं कशाला? बिल_डेट बिटवीन '२०२४०४०१' आणि '२०२५०३३१'. संपलं.

रात्रपाळी
कॉलम डेटटाइम असेल तर ३१ मार्च सुरू होतो त्या रात्री बारानंतरची, म्हणजे त्या दिवसभराची सगळी बिलं गळतील. आणि निम्मी बिलं तर ३१ मार्चलाच फाडलेली असतात. बरोबर अट अशी: बिल_डेट >= '२०२४०४०१' आणि बिल_डेट < '२०२५०४०१'. शाखेचा महिना क्वेरीच्या आधी एकदाच वाचा, त्यावरून या दोन तारखा व्हेरिएबलमध्ये काढा आणि कॉलमला हात न लावता तुलना करा. फंक्शन हवंच असेल तर ते वर्ष घेऊन या दोन तारखा देणारं इनलाइन टेबल-व्हॅल्यूड फंक्शन लिहा. ते क्वेरीत विरघळतं, ओळीगणिक चालत नाही.

लेजरवाला
आणि बिल्ट-इन वापरलं तर? ईयर(डेटॲड(मंथ, -३, बिल_डेट)) = २०२४ असं?

रात्रपाळी
तुमच्यापेक्षा कितीतरी पळेल, थ्रेडही वाटले जातील. पण सीक नाही, सगळ्या ओळी वाचूनच. हेच सूत्र पर्सिस्टेड कम्प्युटेड कॉलम (उत्तर मोजून साठवून ठेवणारा कॉलम) करून त्यावर इंडेक्स टाकता येतो, फक्त दुबईला ते -३ चालणार नाही. आणि त्या कॉलमात आपलं जुनं फंक्शन घालू नका, नाहीतर त्या टेबलावरची प्रत्येक क्वेरी एका थ्रेडवर येईल, कॉलम वापरा वा न वापरा.

कोकणी_कोडर
फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवता येतं का हो एसक्यूएल सर्व्हरमध्ये?

लेजरवाला
दोन तारखांचं केलं. एंटर मारायचा अवकाश, रिपोर्ट हजर. पण पुण्याच्या शाखेची बेरीज जुन्या प्रिंटपेक्षा कमी येतेय. बाकी शाखा जुळतात.

रात्रपाळी
बिल_डेट नल असलेल्या ओळी मोजा. जुनं फंक्शन त्यांना आजची तारीख लावून चालू वर्षात धरत होतं, नवी अट त्यांना वगळते. म्हणजे दरवर्षी तीच बिलं नव्यानं त्या त्या वर्षात मोजली गेली असणार. मागच्या मार्चची प्रिंट असेल तर काढून ठेवा आणि यादी अकाउंट्सला पाठवा. क्वेरीत दुरुस्ती करू नका.

लेजरवाला
नल आहेत, बऱ्याच आहेत. साहेबांना सांगायला जातोय.

डीबीए_काका
लेव्हलचं एप्रिलमध्ये बघा.