मदत हवी आहे : आईचं खुब्याचं ऑपरेशन, रत्नागिरी

परवा मागीलदारी शेवाळावरून आई घसरली, खुब्याचं हाड मोडलं. वय ७४. आमच्या आळीजवळच्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ठेवलंय. नर्सबाई जीव लावतात, पण काउंटरवर मात्र "योजना इथे लागू नाही" एवढंच उत्तर. धर्मादाय म्हणजे ट्रस्टच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात ना? आमचं रेशनकार्ड केशरी. तेवढं चालतं की तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही लागतो? अर्ज कोणाकडे द्यायचा? कोल्हापूरला न्यायचं तर आंबा घाट, या पावसात, मोडलेल्या हाडाने... धीर होत नाही. कुणी इथेच अशी सवलत मिळवली असेल तर लवकर सांगा, डॉक्टर सोमवारी ऑपरेशन करूया म्हणतायत.