ती पोथी शिळाछाप असावी
वरच्या प्रतिसादात ज्यांनी रत्नागिरीच्या वाचनालयात (1828 सालचं आहे ते!) सुट्या पानांची 'हस्तलिखित' पोथी पाहिल्याचं लिहिलंय, त्यांनी शेवटचं पान पुन्हा बघा. छापखान्याचं नाव असेल तर ती शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली. लेखनिक तेलकट शाईने कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरवून प्रती काढायच्या. म्हणून वळण हाताचंच दिसतं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग असंच छापलं. शाईत चरबी म्हणून सोवळी मंडळी छापील पोथी शिवत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी म्हणे तुपाची शाई केली! पोथीवरचं साल शकात असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा. आणि जायचं तर वैशाखात जा हो. आमच्याकडच्या पावसात ती पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात.