मदत हवी आहे: पियानोच्या ४/४ बारमध्ये (चार बीटच्या एका खंडात) आठ बीट कसे काय?

ट्रेबल स्टाफ (उंच स्वरांच्या पाच रेषा), फक्त उजवा हात. वर सी स्वर (मधल्या रेषेच्या लगेच वरचा) डॉटेड हाफ म्हणजे तीन बीट, मग बी क्वार्टर म्हणजे एक बीट. त्याच स्टाफवर खाली क्वार्टर रेस्ट (एका बीटची शांतता) आणि ई, जी, एफ हे तीन क्वार्टर. बेरीज आठ! छपाईची चूक आहे का? शिवाय म्युझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या बीटवर ई टाकला की आधीचा सी आपोआप एका बीटचा होतो. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
छपाई बरोबर आहे, बेरीज चुकतेय. हे दोन व्हॉइस (एकाच वेळी चालणाऱ्या दोन स्वतंत्र ओळी) आहेत, प्रत्येकाची बेरीज वेगळी करायची. वरचा ३ + १, खालचा १ + १ + १ + १. दोन्ही चार.

ओळखायची खूण स्टेममध्ये (स्वराच्या उभ्या दांडीत) आहे. सी मधल्या रेषेच्या वर आहे, म्हणजे एकटा असता तर त्याची स्टेम खाली गेली असती. तुमच्या पानावर ती वर असणार. ई, जी, एफचं नेमकं उलट. तो रेस्टही नेहमीपेक्षा खाली सरकलेला दिसेल, कारण तो फक्त खालच्या व्हॉइसचा आहे. त्याला पाहून हात उचलू नका, सी दाबलेलाच राहतो.

बोटं (१ अंगठा ते ५ करंगळी): सी ५, ई १, जी २, एफ परत १, बी ४. करंगळी चौथ्या बीटपर्यंत हलत नाही. पेडलवर सी धरून ठेवायचा मोह होईल, पण मग ई आणि जीही लांबतात आणि खालची चाल पुसट होते.

प्रतिसाद २
म्युझस्कोअरचं: सगळं व्हॉइस १ मध्ये टाकताय, म्हणून नवा स्वर जुन्याला कापतो. आधी वरची ओळ पूर्ण करा. मग बारमधला पहिला स्वर निवडा, एन दाबा, कंट्रोल+ऑल्ट+२. आता ५ (क्वार्टर), ० (रेस्ट), मग ई, जी, एफ. रंग निळ्याचा हिरवा झाला की समजा व्हॉइस बदलला. एक्स दाबून नुसती स्टेम उलटवू नका. दिसायला ठीक, पण व्हॉइस एकच राहतो आणि लांबीचा घोळ तसाच. चुकीच्या व्हॉइसमध्ये टाकलेले स्वर निवडून टूलबारवरच्या २ वर क्लिक केलं की हलतात.

धागाकर्ता
जमलं, आभार! पुढच्या बारमध्ये दोन्ही व्हॉइस एकाच जी स्वरावर सुरू होतात, वर हाफ (दोन बीट), खाली क्वार्टर. डोकी (स्वरांचे गोल भाग) शेजारी-शेजारी छापलीत. दोनदा वाजवायचा का?

प्रतिसाद १
नाही, एकदाच दाबायचा आणि हाफइतका धरायचा. हाफचं डोकं पोकळ, क्वार्टरचं भरीव, म्हणून एक डोकं दोघांत वाटता येत नाही. दोन्ही क्वार्टर असते तर एकाच डोक्याला वर-खाली दोन स्टेम दिसल्या असत्या.

वरचा जी चालू असताना खालच्या व्हॉइसमध्ये मध्येच नवा जी आला, तर मात्र पियानोची पट्टी उचलून पुन्हा वाजवावीच लागते. वरचा स्वर तुटतो, इलाज नाही. उचल शक्य तितकी उशिरा करा.

प्रतिसाद २
एक राहिलं: खालच्या व्हॉइसमध्ये एफ शार्प (अर्ध्या स्वराने चढा एफ) आला, तर त्याच बारमध्ये पुढे वरच्या व्हॉइसमधला त्याच जागेवरचा एफसुद्धा शार्पच. शार्प स्टाफवरच्या जागेला लागतो, व्हॉइसला नाही. साधा एफ हवा असेल तर नॅचरल (शार्प रद्द करणारी खूण) लिहावाच लागेल.