चालणं पुरे नाही, ताई

"पन्नाशीनंतर बाईने जड उचलू नये, रोज चाललं की झालं," असं वर एका ताईंनी लिहिलंय. चालणं चांगलंच, पण पुरेसं नाही. पाळी थांबताना इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. स्नायूंची झीज तर त्याआधीच सुरू झालेली असते. दोघांनाही भार लागतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते.

आमच्या सासूबाई ६३ वर्षांच्या, पक्क्या इंदूरकर. सुरुवात केली ती पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या बाटल्यांनी, ओट्याला धरून उठाबशा काढत. सहा-सात महिन्यांनी जमिनीवरून हात न टेकता उठायला लागल्या. सिलिंडर आम्ही उचलू देत नाही (उचलतात, आम्हाला नंतर कळतं). रविवारचे पोहे-जलेबी सुटलेले नाहीत, पण सोबत वाटीभर मोडाची मटकी आली. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वजनाला हात घाला.

आणि "आता वय झालं" म्हणणाऱ्यांना सासूबाईंचं ठरलेलं उत्तर: अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा त्या बेचाळिशीत होत्या, आणि पुढे २८ वर्षं राज्य चालवलं. राजवाड्यासमोरच्या पुतळ्याकडे बोट दाखवून हे सांगतात, मग मला भाजीची पिशवीही धरू देत नाहीत.