विंडोज ११चे अपग्रेड अर्ध्यावरून मागे फिरते : जुन्या लॅपटॉपसाठी सल्ला हवा

अक्षरजुळारी

माझ्याकडे २०१८ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि नंतर बसवून घेतलेली २५६ जीबीची एसएसडी आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पीसी हेल्थ चेक या अ‍ॅपने लॅपटॉप विंडोज ११साठी पात्र ठरवल्यामुळे मी अपग्रेड सुरू केले. सर्व फाइल्स डाउनलोड होतात, लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि त्यानंतर काही मिनिटांतच जुने विंडोज परत येते. शेवटी ०एक्ससी१९००१०१ - ०एक्स२००१७ हा क्रमांक दिसतो आणि सेफ ओएस टप्प्यात बूट होताना त्रुटी आली, असे सांगितले जाते.

मी दिवाळी अंक आणि स्मरणिकांची अक्षरजुळणी करते. त्यासाठीची जुनी मराठी डीटीपी प्रणाली यूएसबी डोंगलवर (परवान्याचे कुलूप असलेल्या, यूएसबीत लावायच्या छोट्या उपकरणावर) चालते आणि ती नव्याने बसवून मिळण्याची खात्री नाही. त्यामुळे डिस्क पुसून कोरे विंडोज टाकण्याचा मार्ग मला शक्यतो टाळायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शांतपाणी

सर्वप्रथम सगळ्या कामाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. घाई करण्याचे कारण नाही, कारण विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी नावनोंदणी केल्यास घरगुती वापराच्या विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळतात. एरवी मी कोरे विंडोज टाकण्याचाच सल्ला दिला असता, पण डोंगलची अडचण पाहता तो शेवटचा पर्याय ठेवावा.

तळटीप

हा क्रमांक बराच बोलका आहे. ०एक्ससी१९००१०१ने सुरू होणाऱ्या त्रुटींमागे बहुतेक वेळा एखादा न जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, असतो. अपग्रेडच्या वेळी पहिल्या रीस्टार्टनंतर संगणक एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये सुरू होतो. त्यालाच सेफ ओएस म्हणतात. जुन्या यंत्रणेतले काही ड्रायव्हर तिथेही लोड होतात आणि त्यांपैकी एक जरी कोसळला, तरी सेटअप सगळे पूर्ववत करून मागे फिरतो. डिस्क एन्क्रिप्ट करणारी त्रयस्थ सॉफ्टवेअरेही इथे आडवी येऊ शकतात. तुमचा प्रोसेसर, रॅम किंवा टीपीएम (सुरक्षेची चिप) यांचा हा दोष नव्हे. तो असता तर सेटअपने सुरुवातीलाच नकार दिला असता.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की नोंदी वाचल्याशिवाय पुन्हा अपग्रेड सुरू करू नका. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात लॉग्ज आणि त्यात सेटअपडायग असा फोल्डर सापडेल. अपग्रेड फसल्यावर हे साधन बहुधा आपोआप चालते आणि कोणत्या नियमानुसार काय बिनसले, हे तिथे लिहून ठेवते. फोल्डर रिकामा असेल, तर सेटअपडायग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेऊन चालवता येते. त्यात ड्रायव्हरचे नाव आढळले, तर ते इथे कळवा.

अक्षरजुळारी

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. अहवालात एका ड्रायव्हर फाइलचे नाव आहे आणि ती डोंगलच्या जुन्या ड्रायव्हरचीच आहे. अपग्रेड करताना डोंगल काढून ठेवला होता, तरीही असे का व्हावे?

तळटीप

डोंगल काढला तरी त्याचा ड्रायव्हर डिस्कवरच राहतो. आधी डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर विंडोज ११ला चालणारा ड्रायव्हर उपलब्ध आहे का आणि त्यात तुमच्या डोंगलचा प्रकार नमूद आहे का, ते पाहा. त्यावर तुमचे पोट अवलंबून आहे, म्हणून तो हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर जुना ड्रायव्हर काढा. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणे दाखवायला सांगा आणि डोंगलची नोंद अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा. त्रयस्थ अँटीव्हायरस असल्यास तोही तात्पुरता काढा, माउस सोडून बाकीची उपकरणे वेगळी करा आणि सी ड्राइव्हवर निदान तीस जीबी जागा मोकळी ठेवा. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) अद्ययावत करायचा झाल्यास त्याआधी एन्क्रिप्शन स्थगित करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी लॅपटॉप ती की मागून अडून बसेल.

शेवटी विंडोज ११ची आयएसओ फाइल (संपूर्ण सेटअप असलेली एकच फाइल) मायक्रोसॉफ्टकडून घेऊन ती चालू विंडोजमध्येच उघडा, सेटअप चालवा आणि फाइल्स व अ‍ॅप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. पेनड्राइव्हवरून बूट करून सुरुवात केली, तर हा पर्याय मिळत नाही.

अक्षरजुळारी

आपले मनापासून आभार. जुना ड्रायव्हर आणि अँटीव्हायरस काढल्यावर अपग्रेड विनाअडथळा पूर्ण झाले. नवा ड्रायव्हर बसवल्यावर डोंगलही ओळखला गेला आणि मागच्या वर्षीच्या अंकाची पाने जशीच्या तशी उघडली.

तळटीप

फारच आनंद झाला. आता डिस्क क्लीनअप लगेच चालवू नका. जुने विंडोज सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात साधारण दहा दिवस जपलेले असते आणि तोवर सेटिंग्जमधून विंडोज १०वर परत जाता येते. या मुदतीत छपाई, पीडीएफ आणि स्कॅनर, सगळे तपासून घ्या.

शांतपाणी

एक भर घालतो. आज ड्रायव्हर मिळाला, पुढच्या विंडोजसाठी मिळेलच असे नाही. म्हणून महत्त्वाचा मजकूर सवडीने युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणून ठेवा. जुन्या फाँट्समध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, तर युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे याच्या नेमके उलट आहे. त्यामुळे जुन्या फाँटचे युनिकोड करणाऱ्या परिवर्तकातून काढलेल्या मजकुरात या दोन जागी चुका राहतात आणि मुद्रितशोधन करताना आधी तिथेच नजर टाकावी.